लघवीची गोळी आणि शर्यतीचा घोडा

आमच्या अकोल्याच्या घरी आजोबांच्या औषधांच्या डब्यात एक छोटी पांढरी गोळी असते. घरात तिचं नाव 'लघवीची गोळी'. सकाळी चहानंतर ती घेतली की दुपारपर्यंत आजोबा घराबाहेर जायचं नाव काढत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकलं, पाय सुजले, रात्री आडवं झालं की दम लागायचा. तेव्हापासून ही गोळी सुरू आहे. औषध फ्युरोसेमाइड, ओळखीचं नाव लॅसिक्स.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. घरातल्या माणसाला नवं औषध लागलं की रात्री जागून त्याबद्दल वाचायची मला सवय आहे. तसंच वाचत होतो आणि अचानक समोर घोडेच घोडे आले. आजोबांची गोळी 40 मिलिग्रॅमची. तेच औषध शर्यतीच्या घोड्याला 500 मिलिग्रॅम, थेट शिरेतून, धावण्याच्या चार तास आधी. कशासाठी? तर घोड्याच्या फुफ्फुसातून रक्त येऊ नये म्हणून.

ही गोष्ट तीनशे वर्षं जुनी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात बार्टलेट्स चिल्डर्स नावाचा घोडा होता. त्याच्या नाकातून रक्त यायचं, म्हणून लोक त्याला 'ब्लीडिंग चिल्डर्स' म्हणत. तो शर्यतीत उतरलाच नाही, पण त्याची पैदास झाली. त्याचा पणतू म्हणजे 1764 साली जन्मलेला एक्लिप्स. आज जगातल्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांची बापाकडची वंशावळ याच एक्लिप्सपर्यंत जाते. महालक्ष्मीच्या मैदानावर धावणारे घोडेही थरोब्रेडच.

नाकातून रक्त दिसणारे घोडे थोडेच असतात. त्यामुळे बराच काळ हा काही मोजक्या घोड्यांचा दोष मानला जायचा. 1970च्या दशकानंतर शर्यत संपल्यावर घोड्याच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहायला सुरुवात झाली आणि चित्र पालटलं. एकदाच तपासलं तरी निम्म्याच्या आसपास घोड्यांत रक्त सापडू लागलं. म्हणजे हा एखाद्या घोड्याचा दोष नव्हता, ती त्या धावण्याचीच किंमत होती.

कारण साधं आहे, आकडे मात्र थक्क करणारे. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला 30-40 ठोके देतं. शर्यतीत तेच 200च्या वर जातं आणि मिनिटाला सुमारे 300 लिटर रक्त फेकतं. वर प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात आणि रक्त दाट होतं. हे सगळं रक्त फुफ्फुसातल्या केसाहून बारीक नळ्यांतून जायचं असतं. आपला दंडावरचा रक्तदाब 120 असतो, पण फुफ्फुसातला दाब त्याच्या कितीतरी खाली, कारण तिथल्या भिंती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. घोडा जिवाच्या आकांतानं धावतो तेव्हा त्या पातळ नळ्यांतला दाब 100च्या जवळ पोचतो. भिंती फाटतात. जॉन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली सूक्ष्मदर्शकाखाली या फाटलेल्या नळ्या दाखवल्या.

मग लॅसिक्स काय करतं? आजोबांमध्ये करतं तेच. मूत्रपिंडाला मीठ परत शोषू देत नाही, मिठामागोमाग पाणी जातं, रक्ताचं आकारमान घटतं, फुफ्फुसातला दाब थोडा उतरतो. 1960च्या दशकात माणसांसाठी बाजारात आलेलं हे औषध पुढच्याच दशकात अमेरिकेतल्या घोड्यांच्या तबेल्यांत पोचलं. एकेक राज्य परवानगी देत गेलं, 1995मध्ये शेवटी न्यूयॉर्कनंही दिली. पण त्याचा खरंच उपयोग होतो का, हा वाद चालूच होता. तो बराचसा मिटला दक्षिण आफ्रिकेत. तिथं 167 घोड्यांना एकदा औषध आणि एकदा नुसतं मिठाचं पाणी देऊन पळवलं. निकाल 2009 साली छापून आला : औषधानं रक्तस्राव स्पष्टपणे कमी होतो.

कमी होतो, थांबत नाही. शिवाय घोड्याच्या अंगातलं दहा-बारा किलो पाणी निघून जातं आणि हलका घोडा जोरात पळतो. म्हणून ज्यांचे घोडे रक्त टाकत नव्हते, तेही इंजेक्शन देऊ लागले. लघवी पातळ झाल्यानं दुसरी औषधं पकडणं अवघड होतं, ही वेगळी भीती. याच भीतीपायी माणसांच्या खेळातही हे औषध बंदीच्या यादीत आहे. भारतात शर्यतीच्या दिवशी घोड्याला ते चालत नाही. अमेरिकेतही 2021पासून केंटकी डर्बी लॅसिक्सशिवाय होते.

आमच्या धंद्यात याला तात्पुरता जुगाड म्हणतात. सर्व्हरवर भार झेपत नाही, तर भार कमी न करता तो पडू नये एवढी सोय करायची. मीही रात्री दोन वाजता असे जुगाड केले आहेत. पण सर्व्हरच्या तोंडातून रक्त येत नाही.

हे सगळं मी आजोबांना सांगितलं. ते तरुणपणी शंकरपटाचे धुरकरी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाची आठवण निघाली की अजून त्यांचे डोळे चमकतात. 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा ते चिडले होते. 2021च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि 2023मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला तेव्हा त्यांनी पेढे वाटले. म्हणून मला वाटलं, ते घोडेवाल्यांची बाजू घेतील.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले गोळी देते ते मी बसून राहावं म्हणून. त्याले देते ते त्यानं पळावं म्हणून. औषध एकच हाय, पण दुखणं कोणाचं हाय?"

थोड्या वेळानं स्वतःच बोलले, "आमीबी बैलाच्या नाकात कधी पाह्यलं नाही रे. आत काय होते, कोणाले माहीत?"

पटाला परवानगी मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्या माणसाचं हे वाक्य. मला त्यावर उत्तर सुचलं नाही. नव्या नियमांत पटाआधी जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. पण धावून आलेल्या जनावराच्या आत काय झालं, ते पाहिल्याशिवाय कळत नाही, हे घोड्यांनी शिकवलं. दुर्बीण येईपर्यंत निम्मे घोडे निरोगीच समजले जात होते.

यंदा आजोबांना पटाला जायचंय. डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळी दुपारी घ्यायचं ठरलंय. आपण नेमकं काय पाहायला चाललोय, हे मात्र आम्हा दोघांनाही आता पूर्वीइतकं स्पष्ट राहिलेलं नाही.