कंडरा : स्नायू आणि हाड यांना जोडणारा दुवा

भारताचा वेगवान गोलंदाज मोहम्मद शमी याच्या टाचेच्या कंडरेवर फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बंगळुरू इथल्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत त्याचं पुनर्वसन झालं. मधल्या काळात गुडघ्याला सूजही आली. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये तो रणजी सामन्यात, तर जानेवारी २०२५ मध्ये भारतीय संघात परतला. कंडरेची दुखापत इतका काळ का घेते, याचं उत्तर तिच्या रचनेत आहे.

स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट, पांढरा दोर किंवा पट्टा म्हणजे कंडरा. तिला स्नायुरज्जू किंवा टेंडन असंही म्हणतात. हाडाला हाड जोडणारे अस्थिबंध यांहून वेगळे असतात. कंडरा मुख्यत्वे कोलॅजन या प्रथिनाच्या समांतर तंतूंची बनलेली असते. ती स्वतः आकुंचन पावत नाही. स्नायू आकुंचन पावला की त्याची ओढ ती हाडापर्यंत पोहोचवते आणि सांधा हलतो. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या लांब कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात.

स्नायूच्या टोकाशी कंडरेचे तंतू घड्यांमध्ये गुंतलेले असतात. हाडाकडे मात्र ती क्रमाक्रमानं कठीण होते : आधी तंतुमय कूर्चा, मग क्षारयुक्त कूर्चा आणि शेवटी हाड. त्यामुळे ताण एकाच ठिकाणी एकवटत नाही.

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी अकिलिस कंडरा शरीरातली सर्वांत जाड आणि बळकट कंडरा आहे. धावताना ती किंचित ताणली जाऊन ऊर्जा साठवते आणि पाऊल उचलताना ती परत देते.

कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्यानं ती सावकाश भरून येते. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये जडलेला ‘टेनिस एल्बो’ हादेखील कोपराजवळच्या कंडरेचाच विकार. मे २००५ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या सामन्यात त्यानं ९३ धावा केल्या.

केवळ विश्रांतीनं कंडरा पूर्ववत बळकट होत नाही. तिच्यावरचा भार व्यायामातून हळूहळू वाढवावा लागतो. टाचेमागे अचानक ‘टक्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभं राहता येईनासं झालं, तर कंडरा तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी तातडीनं अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणं आवश्यक आहे.