रोजचं ताट, सणाचं ताट

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला ब्राँक्स नावाचा भाग आहे. तिथल्या बेलमाँट वस्तीतला आर्थर ॲव्हेन्यू म्हणजे इटालियन लोकांचा जुना मोहल्ला. काही वर्षांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी तिथल्या एका लहानशा हॉटेलात आम्ही दहाजण जेवायला बसलो होतो. खाण्याची आवड एवढंच त्या मंडळींचं एकमेकांशी नातं. महिन्यातून एकदा जमायचं, पदार्थ मधोमध ठेवून वाटून खायचे आणि बिलाचे सारखे भाग करायचे, असा त्यांचा शिरस्ता. माझा भाचा त्यांच्यातला एक. त्याच्यामुळे पाहुणा म्हणून मलाही त्या पंगतीत पान मिळालं.

पहिलाच थाळ आला तो स्पगेटीचा. वर टोमॅटोचा लालभडक रस्सा आणि त्यात लिंबाएवढे खिम्याचे गोळे. मी थोडंफार वाचलेलं होतं. न राहवून बोलून गेलो, ‘‘हा काही अस्सल इटालियन पदार्थ नव्हे. इटलीत स्पगेटी आधी खातात आणि मांस नंतर, वेगळ्या बशीत.’’

समोर एक निवृत्त बसचालक बसले होते. त्यांचे आजी-आजोबा कालाब्रियातून, म्हणजे इटलीच्या अगदी दक्षिण टोकाकडून आलेले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘बरोबर आहे. पण माझ्या आजीच्या गावात मांस वर्षातून दोन-तीनदा शिजायचं. तुम्ही ज्याला अस्सल म्हणता, ते तिनं तिथं कधी खाल्लंच नव्हतं.’’

माझी माहिती चुकली नव्हती. प्रश्न चुकला होता. त्या रात्रीपासून मी इटालियन जेवणाचा इतिहास पुन्हा नव्यानं वाचायला घेतला.

इटली हे एकसंध राष्ट्र झालं १८६१ मध्ये. त्या वेळचा दक्षिणेतला शेतमजूर स्वतःला इटालियन म्हणवतही नसे. तो आपल्या गावचा आणि फार तर आपल्या प्रांताचा. नव्या सरकारनं १८७७ मध्ये शेतीची मोठी चौकशी सुरू केली. स्तेफानो याचिनी हे तिचे प्रमुख. तिच्या अहवालांतून खेड्यातल्या ताटाचं चित्र पुढे आलं. जाडाभरडा काळा पाव, कंदमुळं, पालेभाज्या, डोंगराळ भागात चेस्टनटचं पीठ, मांस सणासुदीला. उत्तरेत तर गरीब माणसं मक्याच्या पिठाच्या घाट्यावर, म्हणजे पोलेंटावर जगत. त्यातून जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा पेलाग्रा हा रोग गावोगाव पसरला होता. याच काळात, १८९१ मध्ये, पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी पाककृतींचं प्रसिद्ध पुस्तक स्वखर्चानं छापलं. पण ते होतं शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांसाठी. डोंगरातल्या मजुराच्या घरात त्यातलं फारसं काही शिजत नव्हतं.

अशा घरांतली माणसं बोटीत बसली. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक दक्षिणेतले. सुरुवातीला बरेचसे एकटे पुरुष. न्यूयॉर्कची १९०४ मध्ये सुरू झालेली भुयारी रेल्वे खणायला, गोदीत ओझी उचलायला, विटा रचायला. त्यांच्या जेवणाची सोय कोण करणार? एखादं कुटुंब मोठी खोली भाड्यानं घेई, त्यात पाच-सहा गडी ठेवी आणि घरची बाई सगळ्यांचं रांधी.

मराठी माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेले आपले गडी असेच खाणावळीवर जगले. त्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आमच्या गिरणगावात काय किंवा तिकडे न्यूयॉर्कमध्ये काय, परगावच्या कामगारांची शहरं आधी बायकांच्या चुलीवर उभी राहिली. गल्लीतल्या इटालियन हॉटेलांपैकी कितीतरी अशाच घरगुती पंगतींतून वाढली. एकाच टेबलावर नेपल्सचा, सिसिलीचा आणि कालाब्रियाचा माणूस शेजारी बसला. मायदेशी त्यांची गाठ पडण्याचा फारसा संभव नव्हता. एका ताटात जेवून ते इटालियन झाले, ते अमेरिकेत.

आणि त्या ताटात मांस आलं. मजुरी कष्टाची होती, घरं कोंदट होती, पण मांस, पीठ, साखर गावाकडच्या मानानं स्वस्त होती. नेपल्सकडे कार्निव्हलच्या सणाला लझान्यामध्ये खिम्याचे छोटे गोळे घालतात. तसं सणाचं खाणं इथं दर रविवारी होऊ लागलं आणि गोळाही मोठा झाला. समोरच्या थाळातला गोळा लिंबाएवढा का, याचं उत्तर मला असं मिळालं.

त्या रात्रीचा दुसरा थाळ होता चिकन पार्मिजानाचा. याची कथा तर आपल्याला अधिकच जवळची. दक्षिण इटलीतला मूळ पदार्थ वांग्याचा. तळलेल्या काचऱ्या, टोमॅटोचा रस्सा आणि चीज यांचे थर लावून भाजायचे. वांगं हे मुळात आपल्या भारताच्या बाजूचं; अरबांनी ते भूमध्य सागराकडे नेलं. टोमॅटो उलट्या दिशेनं, अमेरिका खंडातून स्पेनमार्गे इटलीत पोचला. १५४४ मध्ये मात्तिओली या वैद्यानं त्याची नोंद केली आहे, पण छापील पुस्तकात त्याचा रस्सा दिसतो तो १६९२ नंतर, नेपल्सच्या अंतोनियो लातिनी यांच्या ग्रंथात; आणि तोही ‘स्पॅनिश पद्धतीचा’ म्हणून. म्हणजे पूर्वेचं वांगं आणि पश्चिमेचा टोमॅटो नेपल्सला एकत्र आले. मग हा संसार जहाजातून अमेरिकेत गेला. तिथं वांग्याच्या जागी कोंबडी आली, कारण आता कोंबडी परवडत होती.

तिथल्या सुशिक्षितांना हे जेवण प्रथम रुचलं नाही. लसूण, ऑलिव्हचं तेल, फार मसाला हे मुलांच्या प्रकृतीला वाईट, असं वस्त्यांत काम करणाऱ्या समाजसेविका बजावत. दूध प्या, उकडलेलं खा, असा त्यांचा उपदेश. बायकांनी तो ऐकून घेतला आणि रस्सा शिजवतच राहिल्या. चित्र पालटलं ते १९२० च्या दारूबंदीनं. कायद्यात घरच्या वापरापुरत्या फळांच्या रसाला सूट होती, कुटुंबामागे वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत. इटालियन घरांच्या तळघरांत द्राक्षं पोत्यांनी, पेट्यांनी येऊन पडू लागली. लहान हॉटेलांत कॉफीच्या कपातून वाइन गुपचूप मिळे. तिच्या ओढीनं लेखक, चित्रकार, विद्यार्थी आले आणि सोबत स्पगेटी खायला शिकले. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण जिभेची सवय राहिली.

जेवण स्वीकारलं जात होतं, माणसं मात्र नको होती. १९२४ च्या कायद्यानं इटलीतून येणाऱ्यांची संख्या वर्षाला चार हजारांच्या आत आणून ठेवली. १९४१ च्या अखेरीस, महायुद्ध चालू असताना, नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन ‘शत्रुराष्ट्राचे रहिवासी’ ठरले. त्याच काळात शहराचे महापौर होते फिओरेलो लागार्डिया. वडील दक्षिण इटलीतल्या फोज्जा प्रांतातले. आर्थर ॲव्हेन्यूवरच्या हातगाडीवाल्यांसाठी १९४० मध्ये छपराखालची मंडई उघडली ती त्यांनीच. ती अजून गजबजलेली असते.

डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या समितीची बैठक आपल्या दिल्लीत भरली होती. तिथं इटलीच्या पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. बातमी वाचून आनंद झाला आणि ते बसचालकही आठवले. वारसा म्हणून आज मिरवतो त्यातलं बरंचसं कालपर्यंत गरिबीचं होतं. ज्या पोलेंटानं माणसं आजारी पडली, तो आता महागड्या हॉटेलांत मानानं वाढतात. आपल्याकडे वेगळं काय? माझ्या आजोळी रोज ज्वारीची भाकरी असे. गव्हाची पोळी पाहुणा आला की किंवा सणाला. आज घरोघरी पोळी रोजची आहे आणि पिठलं-भाकरीसाठी लोक गाडी काढून हमरस्त्यावरच्या हॉटेलात जातात. तिथं भाकरीसोबत ‘अस्सल’ हा शब्द फळ्यावर लिहिलेला असतो. तो वाचला की मला वाटतं, आजीला विचारलं असतं तर तिनं पोळीच मागितली असती.

त्या रात्री दहा माणसांना ते थाळ संपले नाहीत. उरलेलं डब्यात भरून ज्याचं त्याला वाटलं गेलं. बसचालकांनी टोपलीतले पावाचे चार तुकडेही कागदी रुमालात नीट गुंडाळले. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, ‘‘पाव टाकायचा नाही. आजीची शिस्त.’’

माझी आजीही जेवण झाल्यावर ताटाभोवती सांडलेलं शित बोटानं टिपून घेत असे. ते मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी त्यातला एक तुकडा माझ्या डब्यात ठेवला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)