पाच वर्षांची वाट आणि पहिली दोन वर्षे

माझगाव, घोडपदेव, डॉकयार्ड रोड या पट्ट्यात ज्या घरात आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले आहे, तिथे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पाच वर्षं निघाली की सुटलो.’ नातेवाईक ते धीर देण्यासाठी म्हणतात आणि रुग्ण ते मनात घट्ट धरून ठेवतो. या वाक्यामागे एक अख्खे मत उभे आहे. ते खोडण्याआधी त्याची बाजू पूर्ण मांडणे न्यायाचे होईल.

पूर्वपक्ष असा. गाठ काढली, कडा स्वच्छ आल्या, म्हणजे आजार शरीराबाहेर गेला. तो परतायचाच असेल तर नव्याने सुरुवात करून, सावकाश परतेल. म्हणून पहिली दोन वर्षे निर्धास्त, चौथे-पाचवे धोक्याचे आणि त्यानंतर मुक्ती. डॉक्टरसुद्धा पाच वर्षांचीच आकडेवारी सांगतात. मग नुकत्याच ऑपरेशनमधून उठलेल्या माणसाला दर तीन-चार महिन्यांनी तपासणीच्या रांगेत का उभे करायचे? हे मत अडाणीपणातून आलेले नाही. त्यात तर्क आहे आणि रुग्णाबद्दलची माया आहे. तरीही ते चूक आहे.

आधी आकडे पाहू. डॅनियल सार्जंट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरील १८ चाचण्यांतील २०,८९८ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचा आजार परतला, त्यांतील सुमारे ८० टक्क्यांचा तो पहिल्या तीन वर्षांतच परतला होता. याच गटाने २००९ मध्ये दाखवले की पाच वर्षांनंतर परतण्याचे प्रमाण वर्षाला दीड टक्क्याच्या वर जात नाही आणि आठ वर्षांनंतर ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. म्हणजे धोका चढत जात नाही, उतरत जातो. ज्या काळाला पूर्वपक्ष निर्धास्त म्हणतो, तोच सर्वांत धोक्याचा आहे.

असे का व्हावे? कारण ‘नव्याने सुरुवात’ हे गृहीतकच खोटे आहे. परतणारा आजार बहुतेक वेळा ऑपरेशनच्या दिवशीच शरीरात असतो. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी गाठीतून आधीच निसटून रक्तावाटे यकृतात किंवा फुप्फुसात पोहोचलेल्या असतात. मोठ्या आतड्याचे रक्त आधी यकृतातून जाते, म्हणून यकृत पहिले. या पेशी वाढून स्कॅनमध्ये दिसू लागायला काही महिने ते दोन-तीन वर्षे लागतात. पुरावा हवा? ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दुसऱ्या टप्प्याच्या रुग्णांचे रक्त ऑपरेशननंतर चार ते दहा आठवड्यांत तपासले गेले. केमो न घेतलेल्यांपैकी १४ जणांच्या रक्तात गाठीच्या डीएनएचे अंश सापडले. त्यांतील ११ जणांचा आजार परतला. कडा स्वच्छ असणे म्हणजे त्या जागी काही उरले नाही, एवढेच. शरीरात काही उरले नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

मग डॉक्टर पाच वर्षांचा आकडा का सांगतात? तो जगण्याचा आकडा आहे, परतण्याचा नव्हे. पाच वर्षांनी किती रुग्ण हयात आहेत, एवढेच तो सांगतो. मुंबईत १९६३ पासून कॅन्सरची नोंदणी चालते, देशातली ही पहिली लोकसंख्याधारित नोंदणी. पण अशा नोंदण्या सहसा नवे रुग्ण आणि मृत्यू मोजतात, आजार परतल्याची तारीख नाही. मुक्कामाचा आकडा लोकांनी वाटेचा नकाशा मानला.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत समर्थ वकील. तो म्हणेल, वारंवार तपासून आयुष्य वाढते हे सिद्धच झालेले नाही. हा आक्षेप खरा आहे आणि टाळण्यासारखा नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कोलोफोल चाचणीत २,५०९ रुग्ण होते. जास्त वेळा तपासलेल्यांत पाच वर्षांतील मृत्यू १३ टक्के, कमी वेळा तपासलेल्यांत १४.१ टक्के. फरक नगण्य. पण ‘कमी वेळा’ म्हणजे किती? बारा महिन्यांनी आणि छत्तीस महिन्यांनी, सीटी स्कॅन आणि सीईए या रक्तचाचणीसह. तुलना जास्त आणि कमी तपासणीची होती. तपासणी आणि दुर्लक्ष यांची नव्हतीच. ब्रिटनमधील १,२०२ रुग्णांच्या चाचणीतही जगण्यात स्पष्ट लाभ दिसला नाही. मात्र ज्यांच्यावर परतलेला आजार बरा करण्याच्या हेतूने पुन्हा ऑपरेशन करता आले, त्यांचे प्रमाण किमान तपासणीच्या गटात २.३ टक्के होते, सीईएच्या गटात ६.७ आणि सीटीच्या गटात ८. आकडा लहान आहे. पण ती दुसरी संधी ज्याला मिळते, त्याच्या घरी तो लहान नसतो. यकृतातील डाग मोजके असताना काढता आले, तर असे बरेच रुग्ण पाच वर्षांपुढेही जगतात. ‘परतला म्हणजे संपले’ हेही म्हणून खरे नाही.

‘त्यानंतर मुक्ती’ या उत्तरार्धाबद्दल पूर्वपक्षाचे अर्धे मान्य करू. पाच वर्षांनी धोका खरोखर खूप घटतो. तो शून्य मात्र होत नाही. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः रेडिएशन घेतलेल्यांत, आजार कधीकधी उशिरा परततो. उरलेल्या आतड्यात नवीच गाठ येऊ शकते. म्हणून पहिल्या वर्षी कोलोनोस्कोपी, ती स्वच्छ आली तर तीन वर्षांनी, मग दर पाच वर्षांनी. आपल्याकडे हा कॅन्सर पन्नाशीच्या आतही पुष्कळांना होतो. त्यांच्यापुढे पाच वर्षे नव्हेत, तीस-चाळीस वर्षे आहेत.

माझगावकरांची एक वेगळी अडचण आहे. नेसबिट रोडवरील प्रिन्स अली खान रुग्णालय २०२२ मध्ये इमारत धोकादायक असल्याच्या कारणावरून बंद झाले आणि तिथल्या रुग्णांना तपासणीची जागा बदलावी लागली. पण परळचे टाटा रुग्णालय लांब नाही. त्यासाठी उतरायचे ते शिवडी, डॉकयार्ड रोडहून हार्बरच्या गाडीने तिसरे स्टेशन.

निवाडा वाचकांनी करावा. ज्यांच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत हे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी मात्र आज डिस्चार्ज कार्ड काढून पुढची तारीख पाहावी. ती उलटून गेली असेल तर याच आठवड्यात जावे.