ब्रायटनचे पाहुणे

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) शिकवताना लिडियाला ब्रायटनची एवढी ओढ का, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. 'तेथे लष्कराची छावणी होती' असे सांगून आम्ही तो आजवर निकालात काढत आलो. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे.

ब्रायटन हे मुळात कोळ्यांचे गाव. १७५० मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याच्या औषधी उपयोगावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि श्रीमंत रोगी या किनाऱ्याकडे वळले. १७८३ मध्ये युवराज (पुढे चौथा जॉर्ज) आला, आणि औषधाची मौज झाली. जॉन नॅश या वास्तुशिल्पीने त्याच्यासाठी घुमट-मिनारांचा रॉयल पॅव्हिलियन उभारला. नॅश हिंदुस्थानात कधी आला नव्हता. चित्रे पाहून त्याने हिंदुस्थान रचला.

खरा हिंदुस्थानी माणूस मात्र गावातच होता. पाटण्याचे शेख दीन महंमद. इंग्रजीत पुस्तक लिहिणारे पहिले भारतीय म्हणून त्यांच्या १७९४ च्या प्रवासवर्णनाचा उल्लेख होतो. लंडनमध्ये काढलेल्या खाणावळीत दिवाळे निघाल्यावर १८१४ मध्ये ते ब्रायटनला आले आणि वाफेचे स्नान व चंपी यांचे स्नानगृह चालवू लागले. (आपल्या चंपीचे आणि इंग्रजीतल्या 'शाम्पू'चे कूळ एकच.) दोन राजांनी त्यांची सेवा घेतली. किनाऱ्याला पर्यटनस्थळ करणाऱ्यांत एक पाटणेकर होता, हे आम्ही वर्गात कधी सांगितले नाही.

शंभर वर्षांनी आलेल्या हिंदुस्थानी माणसांना स्थळ निवडण्याची मुभा नव्हती. डिसेंबर १९१४ पासून पॅव्हिलियन हे फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांचे रुग्णालय झाले. युवराजाच्या घोड्यांसाठी बांधलेल्या घुमटाखाली खाटा मांडल्या गेल्या. निरनिराळ्या जातिधर्मांसाठी नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू-मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे. इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत वास्तूची सचित्र माहितीपुस्तिकाही निघाली. ही पुस्तिका आम्हाला अस्वस्थ करते. जखमी शिपायाला येथे पर्यटकाची भूमिका दिली जाते. गावी चांगले वर्णन लिहून पाठवण्याची अपेक्षा असते. शिपायांनी तसे लिहिलेही. पण पुष्कळदा शिपाई सांगणार, लेखनिक लिहिणार आणि सेन्सॉर वाचणार. आज आपल्या हाती आहेत ती बहुतांशी सेन्सॉरच्या खात्यातील इंग्रजी भाषांतरे. या पत्रांना 'प्रवासवर्णन' म्हणताना अभ्यासकाने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

मृत मुसलमान शिपायांचे दफन वोकिंगला झाले. ५३ हिंदू आणि शीख शिपायांचे दहन पॅचमजवळच्या टेकडीवर झाले. १९२१ मध्ये तेथे संगमरवरी छत्री उभारली गेली. मोटारीचा रस्ता तेथवर जात नाही, पाऊलवाटेने चढावे लागते. त्या ५३ जणांची नावे त्या जागी कोरली गेली २०१० साली.