यूनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा, अमेरिकेतील राज्यव्यवस्था, विद्या, धर्म आणि समाजजीवन यांचे विवेचन करणारा मराठी ग्रंथ. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून तो १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाचे निमित्त ठाणे जिल्ह्याशी निगडित आहे. माहेर कल्याणचे असलेल्या आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची एम. डी. ही पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. त्या पदवीदान समारंभासाठी, तेव्हा इंग्लंडमध्ये असलेल्या रमाबाई तेथे गेल्या आणि बालविधवांच्या शिक्षणार्थ द्रव्यसाहाय्य मिळवीत, ठिकठिकाणी व्याख्याने देत, १८८८ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत राहिल्या. आनंदीबाई मात्र स्वदेशी परतल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्ये पुणे येथे निवर्तल्या. त्याच वर्षी ‘द हाय-कास्ट हिंदु वूमन’ या इंग्रजी पुस्तकाद्वारे रमाबाईंनी अमेरिकनांस हिंदू स्त्रीची स्थिती निवेदन केली. प्रस्तुत ग्रंथात त्यांनी अमेरिकेची स्थिती स्वभाषेत स्वजनांपुढे मांडली.

शीर्षकात ‘प्रवासवृत्त’ असले, तरी समुद्रप्रवासाचे वर्णन प्रारंभीच आटोपते आणि पुढे नव्या खंडाचा शोध, राज्यकारभार, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, स्त्रियांची अवस्था, व्यापारउदीम या विषयांचा परामर्श घेतला जातो. स्त्रियांविषयीचे प्रकरण विशेष विस्तृत असून, फ्रान्सेस विलर्ड यांच्या मद्यपाननिषेधक संघासारख्या संस्थांतून संघटित झालेल्या स्त्रीशक्तीचे मर्म त्यात आस्थेने उलगडले आहे.

ब्रिटिश अंमल झुगारून स्वराज्य स्थापणाऱ्या राष्ट्राविषयी, त्याच अंमलाखालील देशातून आलेल्या या विदुषीस उत्कट आदर वाटावा, हे स्वाभाविकच होते. परंतु गुलामगिरीचा इतिहास, कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय यांवर त्यांनी पांघरूण घातले नाही. राष्ट्राची थोरवी त्याच्या सनदेवरून नव्हे, तर तेथील दुर्बलांना लाभणाऱ्या न्यायावरून ठरवावी, ही दृष्टी सबंध विवेचनास एकसूत्रता देते.

ग्रंथाचे दोन स्वतंत्र इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक मीरा कोसंबी यांचा आहे. केवळ प्रवासवर्णन म्हणून मूळ ग्रंथाची गणना करणे अपुरे ठरेल. परकीय समाजाची आदराने, तरीही निर्भयपणे, चिकित्सा करणारा हा ग्रंथ मराठी समाजचिंतनात मानाचे स्थान मिळण्यास सर्वथा पात्र आहे.