नात्यांचे शब्द आणि कुटुंबाभ्यासाचा विभाग

कुटुंबाचा अभ्यास आपल्या विद्यापीठांत स्वतंत्र विभाग म्हणून क्वचितच जन्मास आला; तो बहुधा दुसऱ्याच्या घरी वाढला. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला व १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्यास वळण दिले. घुर्ये यांचा इंडो-युरोपीय कुटुंबसंस्थेवरील ग्रंथ आणि कापडिया यांचा भारतीय विवाह व कुटुंब यांवरील ग्रंथ, दोन्ही १९५५ चे. दोहोंतही प्राचीन ग्रंथांचा आधार मोठा.

घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेत आल्या. तेथे भाषाशास्त्र शेजारच्या दालनात होते, आणि हा शेजार फळला असे मला वाटते. त्यांच्या १९५३ च्या नातेसंबंधविषयक ग्रंथात भाषिक प्रदेश हीच मांडणीची चौकट आहे व नात्यांचे शब्द हा पुरावा आहे.

मात्र हा पुरावा जपून वापरावयास हवा. जुन्या वळणाची सून सासूस 'आत्याबाई' व सासऱ्यास 'मामंजी' म्हणे. पहिला शब्द मामेबहिणीशी विवाह करण्याच्या मराठी चालीशी जुळतो. कारण तशा विवाहात वधू आत्याच्याच घरी जाते. दुसरा शब्द मात्र वरवर पाहता उलट चालीची, म्हणजे आतेबहिणीशी विवाहाची, साक्ष देतो. आणि ती चाल महाराष्ट्रात सामान्यतः निषिद्ध! आत्याच्या यजमानांसही अनेक घरांत 'मामा' म्हणतात हे ध्यानी घेतले म्हणजे विरोध मावळतो. शब्दावरून विवाहपद्धती सिद्ध करू पाहणाऱ्याने येथे थांबून विचार करावा.

भातकुलीकडील वऱ्हाडी बोलीत पतीचा थोरला भाऊ 'भासरा', धाकटा 'देर'. प्रमाण मराठीत 'दीर' हा एकच शब्द दोघांस पुरतो. 'भासरा' आणि बंगालीतील 'भाशुर' ही संस्कृत 'भ्रातृश्वशुर' याची रूपे होत. ज्याच्यापुढे पदर सावरावयाचा आणि ज्याची थट्टा करावयाची, त्यांची नावे या बोलीने वेगळी राखली.

नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये व अमरावतीचे १९८३ मध्ये स्थापन झाले. परंतु गृहविज्ञान, समाजशास्त्र आणि मराठी ही दालने आपापल्या भिंतींत राहिली, तर घरातील माणसे मोजणाऱ्यास 'भासरा' भेटत नाही, आणि बोलीचा कोश करणाऱ्यास त्याचे घर दिसत नाही. भाऊ वेगळे राहू लागले की या शब्दाचे रोजचे काम उणावते. तो ज्यांच्या तोंडी आहे त्या वृद्ध स्त्रियांकडे दोन्ही विभागांनी एकच प्रश्नावली घेऊन जावयास हवे, आणि तेही लवकर.