१३ डिसेंबर : स्मिता पाटील यांचा स्मृतिदिन
अभिनेत्री स्मिता पाटील यांचे १३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीमुळे निधन झाले. वय अवघे ३१. मुलगा प्रतीक जेमतेम पंधरा दिवसांचा. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारा हा बोलका चेहरा श्याम बेनेगल यांनी हेरला. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले, १९८५ मध्ये पद्मश्री. ‘जैत रे जैत’मधील चिंधी विसरता येत नाही, ‘उंबरठा’तील सुलभा महाजन तर मराठी पडद्यावरची सर्वांत स्वाभिमानी नायिका म्हणावी लागेल. ‘मिर्च मसाला’ त्यांच्या मृत्यूनंतर झळकला. आजी-आजोबांनी वाढवलेला प्रतीक २००८ मध्ये चित्रपटांत आला. आता तो ‘प्रतीक स्मिता पाटील’ असे नाव लावतो.